परत आलेल्या पेट्या

“सही करा अन् मोकळ्या व्हा, बाई,” हरिदास म्हणाला आणि त्याने कागद पुढे सरकवला.

गिरजाबाईने हाताला चिकटलेलं भाताचं तणस झटकलं. भद्रावतीच्या या कपबश्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं माल बांधत होती. भट्टीतून आलेल्या कपाला टिचकी मारायची. बद्द वाजला तर बाजूला, खणखणीत वाजला तर तणसात गुंडाळून पेटीत. हरिदास आता मॅनेजर झाला होता, पण पहिली पेटी त्याला तिनेच बांधायला शिकवली होती.

तिने कागद वाचला. बांधणीतल्या हयगयीमुळे नेपाळला जाणारा माल वाटेत फुटत होता, म्हणून तिथल्या व्यापाऱ्याने मागणी बंद केली, असं त्यात लिहिलं होतं.

“हे कोनं लिवलं?”

“मालकानं लिवाले सांगतलं. निम्मा माल तिकडंच जाये ना आपला. आता बंद काऊन झाला म्हणून भागीदार विचारून राह्यले. काई तं कारण दाखवा लागन.”

“अन् ते कारण मी हावो?”

“तुमाले कोणी काढत नाई जी. माती मळाले पाठवतीन, बस.”

“अन् माह्या हाताखालच्या चार बाया?”

हरिदासने कागद आणखी पुढे सरकवला.

गिरजाबाईचं डोकं तडकलं. खरं कारण कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. यंदा, एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, भारत आणि नेपाळ सरकारांचा व्यापाराचा करार संपला, नवा काही झाला नाही, आणि सीमेवरच्या बहुतेक वाटा बंद झाल्या. रेडिओवर रोज सांगत होते. इथून गेलेल्या चार पेट्या सीमेवरच्या रक्सौलला दोन महिने उन्हात पडल्या आणि कालच ट्रकने परत आल्या. दिल्ली-काठमांडूचं बिनसलं, आणि हयगय म्हणे गिरजाबाईची!

“त्या व्यापाऱ्याचं पत्र दाखवा.”

“हिंदीत हाये.”

“मंग? मले का वाचता नाई येत?”

हरिदासने खण उघडून पत्र दिलं. नेपाळातल्या बीरगंजच्या त्या व्यापाऱ्याने अक्षर मोठं काढलं होतं. ती एकेक शब्दावर बोट ठेवत गेली. मालाबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती, त्याने लिहिलं होतं. पण या वर्षी घासलेट मिळालं नाही, मीठ मिळालं नाही. आता कपबश्या चीनहून येतील, थायलंडहून येतील. उद्या वाट उघडली तरी सगळा माल एकाच देशातून घ्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

तिने पत्राची घडी घातली. तिला बाप आठवला. छप्पन साली चांद्याहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर गावातल्या एकुलत्या एक दुकानदाराने त्यांच्या वस्तीला तेल-मीठ द्यायचं बंद केलं होतं. बाप चिमूरच्या बाजारापर्यंत पायी जायचा, जाऊन-येऊन आठ कोस. पुढे दुकानदार नरमला, स्वतःहून बोलावू लागला. तेव्हाही बाप निम्मं सामान चिमूरहूनच आणायचा. “एकाच दारात उभं नाई राहाचं,” एवढंच म्हणायचा.

म्हणजे त्या बीरगंजवाल्यावर रागावायचीही सोय राहिली नाही. बुद्धाच्या जन्मदेशात आपल्या हातचे कप जातात याचं तिला किती अप्रूप होतं! आणि तो माणूस नेमकं बापासारखंच वागत होता. त्यामुळे ती अधिकच वैतागली.

“पेट्या उघडा,” ती म्हणाली.

“मालकाले विचारा लागन.”

“मालकाले विचारून माह्या नावानं खोटं लिवलं ना? आता न विचारता खरं पाहू.”

तिने हातोडी उचलली. भर दुपारी अंगणात चारही पेट्यांच्या फळ्या निघाल्या. कलाबाई आणि बाकीच्या तिघी तणस उपसून कप देत होत्या, गिरजाबाई टिचकी मारून मांडत होती. हरिदास आधी दारात उभा राहिला, मग पायऱ्या उतरला, आणि शेवटी स्वतःच उकिडवा बसून कप वाजवू लागला. पाचशे शहात्तर कपांत तीन तडकलेले निघाले.

त्याने खिशातून तो कागद काढला आणि फाडला.

“मालकाले मी सांगतो. मालाची तक्रार नोयती म्हणून पत्रच दाखवतो,” तो म्हणाला. मग घुटमळला. “पण बाई, मागणीच नाई तं बाया कमी करा लागतीनच. कागद असो का नसो.”

“मालूम हाये मले.”

“मंग एवढ्या उन्हात हे काऊन केलं?”

“माल फुटला नोयता म्हणून.”

तो आत गेला. पेट्या आता कुठे पाठवायच्या, हे कोणीच सांगितलं नव्हतं. कलाबाईने विचारलं, “बाई, भरून ठेवाचे का परत?” गिरजाबाईने मान हलवली, पण त्यातून हो की नाही ते कलाबाईला कळलं नाही.

कोळशाच्या खाणीकडून वारा सुटला. काळसर धूळ अंगणभर उडू लागली. गिरजाबाई उठली आणि पहिल्या रांगेपासून एकेक कप पदराने पुसून पालथा घालू लागली.