नासिरभाईंची गोचीड

नासिरभाई शहाद्यात पँट-शर्ट शिवतात. त्यांची मुलगी लायबा रानातल्या गोचिडींवर संशोधन करते. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू सातपुड्यातल्या गोचिडींत आहे का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी गवतावरून पांढरं फडकं ओढायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने बाटलीत भरायच्या. फडकं नासिरभाईंनीच शिवलं आणि ओढायलाही तेच जाऊ लागले. दर रविवारी बापलेक स्कूटरने तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर जात. कुठल्या गवतात शेळ्यांना गोचिडी लागतात, ते तिथल्या रेवाबाई दाखवत.

भाद्रपदात एकदा मशीनवर बसलेले नासिरभाई सारखे कुशीकडे हात नेत होते. लायबाने त्यांना सदरा वर करायला लावला. तळहाताएवढा गोल चट्टा होता, मध्ये फिका, कडेला लाल.

"अब्बा, हाई कव्हयपासून शे?"

वीस दिवसांपूर्वी त्यांनी तिथून गोचीड काढली होती. आठवड्याने चट्टा उठला, तेव्हापासून ते रोज टेपने तो मोजत होते. अंगात कणकण होती, तीही त्यांनी दडवली.

"सांगं असतं ते तू माले परत संगे लई गयी नसती."

लायबा रागावली, आणि रागावताना तिला रडूही आलं. डॉक्टरांनी असा चट्टा फक्त पुस्तकात पाहिला होता, पण त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांत चट्टा विरला. मग नासिरभाईंनी बटणांच्या डबीतून ती वाळलेली गोचीड काढून दिली.

"तुन्हा काममा ई म्हनीसन ठेवी."

पुण्याहून तपासणीचा अहवाल आला. त्या गोचिडीत जिवाणू सापडला होता, आणि ओढ्याकाठच्या गवतातल्या आणखी तीन गोचिडींतही. पाड्यावरच्या बायका तिथेच चारा कापत. रविवारची वाट न पाहता दोघं निघाले. रानातून आल्यावर अंग कसं तपासायचं, गोचीड चिमट्याने सरळ कशी उपसायची, हे लायबाने बायकांना दाखवलं. तेव्हा रेवाबाईंनी सुनेला, सोनमला, पुढे केलं. तिचा गुडघा दोन महिने सुजलेला होता.

लाइम रोगात सांधेही सुजतात, म्हणून तिला आजच डॉक्टरांकडे न्यावं, असं लायबाला वाटलं. पण स्कूटरवर जागा दोघांचीच होती. आपण इथेच थांबतो, म्हणत नासिरभाईंनी सोनमला लायबाच्या मागे नीट बसवलं. स्कूटर वळणाआड गेल्यावर रेवाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावून त्यांचे पाय निरखून पाहिले.