न उतरलेलं विमान

सांगून कुणाला पटायचं नाही, पण ऑकलंडहून बडोद्याला निघालेलं एक विमान तीन दिवस हवेतच होतं, आणि दांडिया बाजारच्या वामनरावांनी ते एकट्याने, निव्वळ जिभेच्या जोरावर, वर धरून ठेवलं होतं.

झालं असं. त्यांची थोरली बहीण मंदाकिनी बडोद्यातच, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, हवे सेवा करो. आता नुसती सेवाच करायची. आजची संध्याकाळ काढणं कठीण." वामनरावांनी ऑकलंडला भाच्याला, सौमित्रला, फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "मामा, मला नाही जमणार. तिला काहीतरी सांगा ना. तुम्हाला येतं."

तुम्हाला येतं! जन्मभर थापा मारल्याचं हे फळ.

वामनरावांनी हिशेब मांडला. मधे बारा हजार किलोमीटर. सिंगापूर, मुंबई करत येणाऱ्याला एक दिवस आणि एक रात्र हवी. अक्काजवळ तेवढा वेळ नाही. म्हणजे विमान उतरायच्या आत ती जाईल, मुलगा येतोय या समाधानात. थाप दोन्ही बाजूंनी शिवलेली, कुठून उसवायला वाव नाही.

"अक्का, सौमित्र विमानात बसला गं!"

मंदाकिनीने डोळे उघडले. कालपासून घट्ट मिटलेले ओठही उघडले आणि चमचाभर पाणी आत गेलं. तिथेच घात झाला. डॉक्टरांनी सांगितलेली संध्याकाळ आली नि गेली, बाई काही जाईना. मुलाचं तोंड पाहायला तिने जीव कुडीत अडकवून ठेवला होता.

"कुठे आलं रे?" घटकेघटकेला तेच.

"सिंगापुरात. चाकात अजगर शिरलाय, गारुडी शोधतायत."

पुन्हा चमचाभर पाणी.

"आता कुठे?"

"समुद्रावर. वारा समोरून असा की विमान मागे मागे चाललंय. प्रवासी उठून ढकलतायत."

तिसऱ्या दिवशी मृदुलाने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, पुरे झालं आता. वन्संची पाठ सोलून निघालीय. कूस बदलली की किंचाळतात. जाऊ द्या त्यांना."

"मी कुठे धरलंय?"

"तुम्हीच धरलंय. उतरवा ते विमान!"

उतरवायचं कसं? उतरलं की दारात मुलगा उभा करायला हवा. आणि खरं सांगावं तर ते ऐकतच ती जायची. वामनराव उरलंसुरलं अवसान गोळा करून खाटेपाशी बसले.

"अक्का, मजा ऐक. बडोद्यावर धुकं. पायलटने विमान जवळच्या पादरा गावी वांग्यांच्या शेतात टेकवलं. शेतकरी आडवा पडलाय. म्हणतो, एक वांगं चेपलं तरी सोडणार नाही..." त्यांनी खाकरून आवाज सारखा केला. "सौमित्र त्याची समजूत घालतोय."

मंदाकिनीला हसू आलं. त्या हसण्याचं कण्हणं झालं. तिने बोटाने त्यांना जवळ बोलावलं.

"वामन, पृथ्वी अजून गोलच आहे ना रे?"

"आहे की."

"मग एवढ्या वेळात तुझं विमान तिला वळसा घालून परत ऑकलंडला गेलं असतं. खोटं बोलतोयस. सौमित्र निघालाच नाही." तिने ओठ पुन्हा घट्ट मिटले; चमचाभर पाणी या वेळी बाहेरच राहिलं.