आईंची साखर

रक्तात निम्म्याहून जास्त पिवळसर पाणीच असतं.

उशीच्या अभ्र्यात बिस्किटाचा चुरा. कुणाचा?

लाल पेशी चारएक महिने जगते. आमच्या घरात विश्वास तेवढाही टिकत नाही.

नणंद आईंच्या तोंडाचा वास घेते आहे.

आता जोडून सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. उलट्यांनी गळून गेल्या, म्हणून दवाखान्यात आणलं. रक्त तपासलं, तर साखर आभाळाला टेकलेली. त्यांचं मधुमेहाचं पथ्य मी सांभाळते, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायला लागले. नणंदेनं जाहीर केलं की आई आता तिच्याकडे राहतील, कायमच्या. नवरा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला.

मीही कमी नाही. काल नणंद आईंजवळ एकटी बसली होती, हे मी मनात धरून ठेवलं. नवऱ्याचे खिसे चाचपले. आईंनाच विचारलं, तर म्हणाल्या, मला कोण देतंय गोड. आणि डोळे मिटले. जरा लवकरच मिटले.

लॅबवाल्यानं त्याच रक्ताची नळी उजेडात धरली. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट कमी, साखर तेवढी भरमसाट. हे रक्त मला पटत नाही, म्हणाला, परत घ्या.

नणंदेनं मला जिन्यात गाठलं.

"उपाशीही ठेवलंस आणि साखरही चारलीस? दोन्ही एकदम कसं जमवलंस गं वहिनी?"

"ताई, तुम्ही शिकवा, मग अजून चांगलं जमेल."

दुसऱ्या दिवशी परत रक्त घेतलं. सगळं जागच्या जागी. पेशी, प्लेटलेट, साखरसुद्धा. मी कागद नणंदेच्या नाकासमोर धरला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्या नवऱ्याकडे दिला.

"बघ. एक दिवस हिच्या हातचं बंद झालं, तर उतरली."

नवऱ्यानं वाचलं. मग माझ्याकडे न बघता आईंची पिशवी उचलली.

नणंदेच्या गाडीत बसताना आईंनी माझा हात धरला. आवाज अगदी हळू.

"तू काही घालत होतीस का गं माझ्या खाण्यात?"

पहिलं रक्त आईंच्या डाव्या हातातून काढलं होतं. त्याच हातात ग्लुकोजचं सलाईन चालू होतं, आणि ते रक्ताबरोबर नळीत आलं.