ओदीलचा ओपल

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे, पण माझ्यावर कुणी जेवत नाही आणि अभ्यासही करत नाही. माझ्या अंगावर अर्धगोल चढत जाणाऱ्या पाच पायऱ्या आहेत. त्यांवर अत्तरांच्या अर्कांच्या दोनशे बाटल्या उभ्या असतात आणि मधोमध अत्तर बनवणारा बसतो. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रास गावच्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. तिथल्याच अत्तराच्या कारखान्यात मी चाळीस वर्षे काम केले, कौतुकही खूप झाले. मग यंत्रे आली आणि मला तळघरात ढकलले. माझ्यावर रंगाचे डबे आले. कुणीतरी माझ्या कडेला खिळा ठोकून छत्री टांगली. तो घाव अजून दुखतो.

ओदील आणि रेनो या नवराबायकोने मला तिथून सोडवले. रेनो रत्नांना पैलू पाडायचा, ओदील अत्तरे बनवायची. दोघांनी मिळून एक छोटेसे अत्तरघर काढले. रेनो एखादे रत्न आणून माझ्यावर ठेवी, ओदील ते उन्हात फिरवून बघे आणि त्या रंगाचा वास शोधू लागे. माणकासाठी तिने गुलाबात मिरी घातली, पाचूसाठी अंजिराची पाने. दुरून माणसे येत, बाटली हुंगत आणि पुन्हा हुंगायला मागत.

मग रेनोने ओपल आणला. त्या एका खड्यात सगळे रंग, आणि एकही जागेवर थांबेना. ओदीलचेही तसेच झाले. बसे, उठे, खिडकीपर्यंत जाई, परत येई. त्यातच तिला मोठा ताप येऊन गेला. पूर्वी ती न बघता हवी ती बाटली उचलायची, आता प्रत्येक चिठ्ठी वाचू लागली. एकदा तिने जाईच्या जागी वाळा ओतला, हुंगला आणि समाधानाने मान हलवली. चार थेंब माझ्यावर सांडले, म्हणून मला कळले. पण मी सांगणार कुणाला?

एका सकाळी रेनोने तिच्यापुढे कागदाची पट्टी धरली.

"हे बघ बरं."

ओदीलने डोळे मिटून हुंगले. "बरंय. गुलाब जरा जास्त झालाय."

रेनोने पट्टी माझ्यावर ठेवून दिली.

"काय रे? बोल की!"

"पट्टी कोरी आहे, ओदील. मी ती कशात बुडवलीच नव्हती."

तिचा हात असा फिरला की माझी एक पायरी रिकामी झाली. अकरा बाटल्या फुटल्या.

"परीक्षा घेतोस माझी? तीस वर्षांच्या संसारानंतर?"

"तू सांगत नव्हतीस."

"काय सांगू? नाक गेलं म्हणून? मग हे दुकान कुणाच्या नाकावर चालायचं?"

"माझ्या."

"तुझ्या! तुला दूध करपलेलं कळत नाही!"

रेनो आधी हसला. मग ओदील हसली, आणि हसता हसता रडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ओपलच्या अत्तरासाठी तो हुंगू लागला. वासांची नावे त्याला येत नव्हती, म्हणून तो रत्नांच्या भाषेत सांगे. "हा माणकाचा, पण आत धूर आहे." "याला तडा गेलाय." ओदील आठवणीतून ओळखे, की मध कमी करायचा आहे की लिंबू. रोज भांडणे होत. दोनदा तर तिने त्याला हाकलून दिले. असे सात महिने गेले.

"आता?" एका दुपारी तिने विचारले.

रेनो बराच वेळ हुंगत राहिला. "आता फिरतोय. थांबतच नाहीये."

तिने हातातली नळी खाली ठेवली. "मग झालं."

ते अत्तर फार खपले नाही. काही जुनी गिऱ्हाइके तर म्हणाली, हे लावल्यावर जीव स्वस्थ बसत नाही. ओदीलचे नाक परत आले नाही. ती रेनोच्या मनगटावर थेंब लावते आणि त्याचा चेहरा बघत राहते.

मित्रांनो, माझे लाकूड तासून नवे करता येईल. माणसाचे तसे नसते. तुमच्या घरातले कुणी एकाएकी चिडके झाले, स्वतःपाशीच काही लपवू लागले, तर त्याला पकडायला जाऊ नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा. रेनोला आजही एकच रुखरुख आहे, की त्याने आधी विचारले नाही.