सगळ्या रेघा सारख्या

“सगळ्या रेघा सारख्या कशा काय?” मोठ्या डॉक्टरांनी पडद्यापाशी जाऊन बोट ठेवलं.

आलेखबाई हसल्या. रुग्णालयात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. कोड लिहून एका झटक्यात डझनभर आलेख काढायच्या, आणि त्याचा त्यांना कोण तोरा! एकेक स्तंभ म्हणजे रक्तदाबाची एकेक गोळी, आणि तिने दाब सरासरी किती उतरला ते. स्तंभाच्या माथ्यावरून खाली-वर जाणारी बारीक उभी रेघ म्हणजे माणसामाणसांत किती फरक पडला ते. रेघ आखूड, तर गोळी भरवशाची.

“बघते सर,” म्हणत त्यांनी कोड उघडला.

रेघेची लांबी ठरवणाऱ्या ओळीत नुसता दोनचा आकडा होता. रेघ उमटते का, एवढं बघायला त्यांनीच सुरुवातीला टाकलेला. तिथे खऱ्या फरकाचा रकाना जोडायचा राहूनच गेला होता. गोळी कुठलीही असो, रेघ दोनचीच! हे असं कसं झालं? आपल्या हातून?

“जोडा आता,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी रकाना जोडला. बाकीच्या रेघा थोड्याफार हलल्या. रुग्णालयाने नुकत्याच सुरू केलेल्या नव्या गोळीची रेघ मात्र खाली तळाला टेकली आणि वर चौकटीबाहेर गेली.

“बाप रे!” बाजूला बसलेली मुख्य नर्स उठूनच उभी राहिली. “म्हणजे कुणाचा दाब उतरतच नाही, आणि कुणाचा धाडकन खाली?”

“ही गोळी आपण कुणाकुणाला दिली? सगळ्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावा,” डॉक्टर ओरडले.

आलेखबाई तोवर दाराबाहेर जाऊन आईला फोन लावत होत्या. आईला हीच गोळी द्या म्हणून त्यांनीच डॉक्टरांच्या मागे टुमणं लावलं होतं. आईला आलेखसुद्धा दाखवला होता, बघ रेघ किती आखूड आहे म्हणून.

“आई, गोळी घेतलीस?”

“घेतली की. का गं?”

“चक्कर येते का तुला?”

“येते थोडी. काल न्हाणीघरात पडले. मनगट सुजलंय.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू? सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलेय, माझ्या लेकीने तपासलेली गोळी आहे म्हणून.”

“आई, माझं चुकलं. आलेख चुकीचा होता. आता ती गोळी घेऊ नकोस. मी डॉक्टरांना घेऊन येते.”

“काहीतरीच काय! तुझं कधी चुकतं का?” आई समजूत घालू लागली. “माझंच वय झालंय गं. तू नको जिवाला लावून घेऊस.”

आत नर्स एकेका घरी फोन लावत होती, आणि फोनवर आई अजून आलेखबाईंची समजूत घालत होती.