पुठ्ठ्याचं इंजिन

जेवायच्या टेबलावर इंजिन आणून ठेवणाऱ्या पोराला काय म्हणावं, हे काकूंना कळेनासं झालं होतं. बरं, लोखंडाचं असतं तर जड म्हणून एका जागी पडून तरी राहिलं असतं. हे पुठ्ठ्याचं. धाकट्याने खोकी कापून, चिकटपट्टी लावून खऱ्या मापाचं केलेलं. सकाळी शेडमध्ये जायचं, दुपारी घरात यायचं, आणि बसायचं नेमकं त्याच्या बापाच्या जागेवर. काकू वाढायला गेल्या की हा ओरडायचा, "आई, जपून! कोपरा दुमडेल." आईची कंबर वाकली तरी चालेल, पुठ्ठा वाकता कामा नये.

"चाळिशीला टेकला आणि खोक्यांशी खेळतोय," त्या लेथवाल्याला म्हणाल्या. लेथवाला म्हणजे लेथवर लोखंड कापून देणारा नवऱ्याचा जुना दोस्त. चहाचं आधण ठेवलं की कुठूनसा उगवायचा.

"वहिनी, हल्ली असंच करतात. आधी पुठ्ठा बसवून बघायचा, मग लोखंड. आम्ही थेट लोखंड बसवायचो आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचो."

"तुम्ही निदान बोलायचात तरी. हा सहा महिने त्या खोक्याशीच बोलतोय."

ट्रक नवऱ्याचा. उंच, बोजड, चारही चाकांनी ओढणारा. नवरा गेल्यापासून शेडमध्ये होता; इंजिनात दम उरला नव्हता, नुसता धूर. थोरली दोघं आधीच परगावी गेली होती. उरला धाकटा. आणि आता त्यालाही वर डोंगरात मोजणीच्या कामावर जागा मिळाली होती. अट एकच, चढावर चालणारी गाडी स्वतःची हवी. पंधरा तारखेला हजर व्हायचं. एका मोडीत निघालेल्या पिकअपचं इंजिन लेथवाल्याकडे येऊन पडलं होतं. ते ट्रकमध्ये बसलं की धाकटा निघाला.

"एकटी राहशील ना गं?" त्याने एकदाच विचारलं होतं, तेही पट्टी शोधता शोधता.

"मला काय धाड भरलीय? तू गेलास की टेबल तरी मोकळं होईल माझं."

पोरगं बापाच्या वळणावर गेलेलं. बोललं तेवढंच ऐकायचं. "मग झालं," म्हणाला आणि पट्टी घेऊन गेला. काकू नंतर कितीतरी वेळ भांडी पुसत बसल्या. भांडी कोरडीच होती.

एके दिवशी दुपारी तो कापायची वेळ ठरवायला लेथवाल्याकडे गेला. शेडमधून चहाचे पेले परत आणणं हे काम काकूंचं. दुसरं कोण आणणार? त्या आत गेल्या. ट्रक लोखंडी घोड्यांवर टांगलेला, चाकं काढून भिंतीला लावलेली. पुठ्ठ्याचं इंजिन त्या दिवशी ट्रकातच, आपल्या जागी ऐटीत बसलेलं. काकूंनी पेले उचलले आणि सवयीने खाली वाकून हात घातला. वर इंजिनचं तेलाचं चेंबर, खाली पुढच्या चाकांना जोडणारा एक्सल, मधे चार बोटं. शेजारच्या कागदावर धाकट्याने लिहिलं होतं ते त्यांनी अक्षराला अक्षर जोडून वाचलं: जागा भरपूर.

काकू शाळेत दोन यत्तांपलीकडे गेल्या नव्हत्या. पण तीस वर्षं या शेडमध्ये नवऱ्याला दिवा धरला होता, टेपचं दुसरं टोक धरलं होतं. टांगलेल्या गाडीचा एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना लोंबत खाली येतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं; दिसायचं. गाडी चाकांवर टेकली की भार येतो, पाटे दबतात, एक्सल वर चढतो. मग चार बोटं कुठली, करंगळीही शिरायची नाही. नवरा चाकं टेकवल्याशिवाय टेप हातात घ्यायचा नाही.

त्या तशाच वाकून राहिल्या. उद्या लेथवाला इंजिन बसवायचं माउंटिंग कापणार. परवा इंजिन बसणार, वेल्डिंग होणार, आणि गाडी खाली उतरवली की चेंबर एक्सलवर आपटणार. मग सगळं उपसायचं. पंधरा तारीख कोणासाठी थांबत नाही. डोंगरावर दुसरा कोणी जाईल, आणि हा इथेच राहील. कोणाचं वाईट चिंतायला नको, कोणाला "राहा" म्हणायला नको. नुसतं गप्प बसायचं.

काकूंनी हात काढला, पेले घेतले आणि घरात आल्या.

त्या संध्याकाळी धाकटा कधी नव्हे तो बोलत होता. वर एकच खोली आहे, पाणी खालून आणायचं, सकाळी दार उघडलं की ढग दाराशी. घास हातात धरून सांगत होता. दोनदा मागून घेतलं. काकू हूं हूं करत होत्या. घरात असा आवाज किती दिवसांनी होता! त्यांना तो भरून ठेवावासा वाटत होता.

सकाळी तो कागद काखेत मारून निघाला. "मापं देऊन येतो. आज कापून होईल."

काकूंनी उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं.

"थांब. टांगलेल्या गाडीचं माप घेतलंस तू. एक्सल लोंबतोय म्हणून जागा दिसतेय."

तो वळला. ओठ हलवत मनात हिशोब केला. चेहरा उतरला. "मग बसणारच नाही ते."

"बसेल. चेंबरचं पोट पुढे आहे, ते कापून मागे घ्यायला सांग. तुझ्या बाबांनी केलं होतं एकदा. लेथवाल्याला आठवेल."

"तुला कधी कळलं हे?"

"काल दुपारी."

"काल? आणि आज बोलतेस?"

काकूंनी पदर खोचला. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "गाडी अडली असती तर तू राहिला असतास, म्हणून गप्प होते. झालं समाधान? आता तोंड वासून बघू नकोस. मोजणीच्या कामावर चाललाय म्हणे, आणि स्वतःच्या गाडीचं माप चुकतं! गाढव आहेस. पण कामाचं गाढव आहेस, दावणीला बांधून ठेवण्यातलं नाहीस. जा, आधी चाकं लाव."