हळवी कडी

राहेलने वडिलांची पक्कड वर्षभर धुतली नव्हती. शिरूरला मिशनच्या शाळेत ती शिकवायची. खोलीतल्या कपाटात, पुस्तकांच्या दुसऱ्या रांगेमागे, जुन्या फडक्यात गुंडाळून तिने ती ठेवली होती. गेल्या लक्ष्मीपूजनाला दौंडात सर्जेरावांची पेढी जळाली आणि सकाळी मधल्या दाराशी याकोब मिस्त्री सापडले, तेव्हा ही पक्कड त्यांच्या मुठीत होती. बोटं सोडवायला दोन माणसं लागली.

ते दार याकोब मिस्त्रींनीच बसवलेलं. पुढे कापडाचं दुकान, मागे गुळाची आणि बारदानाची वखार, मध्ये दीड हात जाडीची भिंत. भिंतीतल्या एकुलत्या वाटेवर पत्र्याने मढवलेलं जाड दार, उतरत्या रुळावर. मोकळं सोडलं की आपल्याच भाराने घरंगळत येऊन बंद व्हायचं. दोरीला टांगलेल्या वजनाच्या ओढीने ते उघडं राहायचं, आणि त्या दोरीत मध्ये एक जोड होता: पितळेच्या दोन पट्ट्या, कथील-शिशाच्या हलक्या डागाने चिकटवलेल्या. पणतीच्या आचेनेही सुटतील अशा. आग लागली की जोड सुटायचा, वजन खाली पडायचं, दार बंद व्हायचं आणि आग अलीकडची अलीकडेच राहायची. मिस्त्री त्या जोडाला हळवी कडी म्हणत. "माणूस झोपतो, पितो, पळून जातो," ते सांगत. "कडी बिचारी कुठं जात नाही."

दरवर्षी दसरा झाला की ते दौंडला जात. रुळाला ग्रीस, कडी नवी, खुंटीसाठी कोणी भिंतीला भोक पाडलं असेल तर ते चुन्याने बंद, दाराच्या वाटेतली पोती बाजूला. दिवाळीत माल दुप्पट, पणत्या नि फटाके चौपट, आणि वर चार दिवस दुकानाला कुलूप. त्या कामात राहेल लहानपणी कंदील धरून उभी असायची.

पंचनाम्यात मात्र आलं की मयताने कडी नीट जोडली नव्हती, म्हणून दार बंद झालं नाही. तसं सर्जेरावांनी सांगितलं होतं. दौंडापासून राहू गावापर्यंत सगळ्यांनी ते मान्य केलं. मेलेला माणूस खोडून काढायला येत नाही.

पण दार लावायला धावलेला माणूस पक्कड कशाला नेईल? राहेलने हे कोणाला विचारलं नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, सूड देवावर सोपव. तिने सोपवला. वर्ष सरत आलं तरी देवाला सवड झाली नव्हती.

दसऱ्यानंतर सर्जेरावांचं पत्र आलं. पेढी पुन्हा उभी राहिली होती, दार नवं होतं, रूळ मिस्त्रींचाच. विम्याचे साहेब कडी पाहिल्याशिवाय सही करत नव्हते आणि तसली कडी आसपास कोणाला बनवता येत नव्हती. मिस्त्रींच्या डबीत काही उरल्या असतील. साहेब लक्ष्मीपूजनाला पानसुपारीला येणारच आहेत, तर बाईंनीही त्याच दिवशी यावं.

डबीत तीन उरल्या होत्या. राहेलने डबी घेतली, पक्कड घेतली आणि न्हावऱ्यावरून जाणारी सकाळची एस.टी. धरली.

"या बाई, या," सर्जेराव नवा फेटा सावरत पुढे आले. "मिस्त्री म्हंजी घरचा मानूस. एक चूक झाली बिचाऱ्याकडनं. मी काय मनात ठिवलं न्हाई बगा."

"तुमचं मन मोठं," राहेल म्हणाली. त्यांना ते खरंच वाटलं.

लाकडी घोडीवर चढून तिने कडी बसवली, हाताने वजन उचलून दार एकदा चालवून पाहिलं. रूळ कुठे अडत नव्हता. मग वखारीत एका पोत्यावर ती पुस्तक उघडून बसली. तिसऱ्या प्रहरी गेणबा हमाल झेंडूचं तोरण घेऊन आला. त्याच्या दुसऱ्या हातात तार होती. दाराच्या मागच्या चाकातून ती ओवून तो भिंतीतल्या कड्याला आवळू लागला.

"गेणबामामा, काय करताय?"

गेणबा दचकला. "तोरन बांदतुया."

"तारेने?"

तो जवळ सरकला. "सांगतो, पर माजं नाव घिऊ नगंस पोरी. तीन सालामागं पूजंला ग्यासबत्ती टांगली व्हती, बरुबर कडीखाली. ऐन आरतीत कडी सुटली आन् दार आलं की घरघरत. लक्ष्मीच्या तोंडावर दार लागलं म्हून मालकाच्या आई, थोरल्या बाई, आठ दिस जेवल्या न्हाईत. तवापास्नं पूजंला दार आवळून ठिवायचं, मालकाचा हुकूम. पूजा झाली की सोडायचं."

"बाबांना ठाऊक होतं?"

"न्हाई कसं? पैल्या सालीच त्येंनी गुपचूप तार तोडली. मालकाला कळलं. मंग गेल्या साली मिस्त्रीला आतच घेतलं न्हाई. पक्कड घिऊन पायरीवर बसले व्हते सांजंपास्नं. आग लागली तवा समदे भायेर पळाले, आन् मिस्त्री आत."

राहेलने पुस्तक मिटलं. पान लक्षात ठेवायचं राहून गेलं.

तार तशीच राहू दिली तर? कोणाला काही बोलायचं नाही, संध्याकाळची गाडी धरायची. आज ना उद्या, पुढच्या दिवाळीला, एखादा फटाका. तिने हा विचार अर्धवट सोडला नाही, शेवटपर्यंत केला: पेटलेलं बारदान, रस्त्यावर वाहत येणारा गूळ, अनवाणी उभे सर्जेराव. विचार गोड लागला. गेणबा कोपऱ्यातली घोंगडी झटकत होता.

"रात्री कुठं झोपता मामा?"

"हितंच की. समदे हमाल हितंच. सात जन हाय आमी."

राहेलने कोपऱ्यातल्या घोंगड्या मोजल्या. सात होत्या. मग म्हणाली, "तार नीट आवळा. तीन पीळ द्या. वर तोरण सोडा, दिसायला नको."

गेणबाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तीन पीळ दिले.

संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाह्या-बत्ताशांची ताटं, पणत्यांची रांग, पाटावर लक्ष्मी, पाटाशेजारी सर्जेरावांच्या आई साळूबाई. विम्याचे साहेब खुर्चीवर अंग चोरून बसले होते.

"ह्या खेपंला कडी पक्की हाय सायेब," सर्जेराव म्हणाले. "मिस्त्रीच्या लेकीनंच बसवली. बापाची चूक लेक निस्तारती."

"म्हणजे गेल्या वर्षी दोष फक्त कडीचा?"

"त्येवढाच. तुमाला लिवून दिलंय की."

"मग साहेबांनी बघूनच घ्यावं," राहेल म्हणाली. रांगेतली एक पणती तिने उचलली आणि घोडीवर चढली.

"अवो बाई, आत्ता नगं! पूजा हाय!"

"दोन मिनिटं. बापाची चूक निस्तारते."

पणतीची ज्योत तिने कडीखाली धरली. कथील आधी चकाकलं, मग त्याचा थेंब झाला. पट्ट्या सुटल्या आणि वजन धाडकन खाली आदळलं. बायका किंचाळल्या.

दार जागचं हललं नाही.

"कडी तर सुटली," साहेब उठून उभे राहिले. "दार का येत नाही?"

 गेणबा जमिनीकडे बघत होता. राहेल खाली उतरली, तिने तोरण बाजूला केलं आणि पिशवीतून फडकं काढून उलगडलं.

"पक्कड सापडली, असं पंचांनी लिहिलंय. कशाला आणली होती ते लिहिलं नाही."

तिने तार तोडली. दार घरघरत आलं आणि चौकटीला टेकलं. इकडे लक्ष्मी, तिकडे सगळा माल.

"अगं बया!" साळूबाईंनी तोंडावर हात घेतला.

सर्जेराव धावले. खांदा लावून त्यांनी दार वर ढकललं. हात ढिला केला की दार पुन्हा घरंगळे. त्यांनी पुन्हा ढकललं. फेटा सुटून खांद्यावर आला.

"कडी लाव बाई! दुसरी कडी लाव!"

"आहेत दोन." राहेलने डबी वाजवून दाखवली. "नाहीतर ही तार घ्या. पण आता सगळ्यांसमोर बांधा."

तार तिने त्यांच्यापुढे धरली. दाराला खांदा लावून उभ्या माणसाला हात रिकामा नव्हता.

"सर्जा," साळूबाई हळूच म्हणाल्या. "मिस्त्रीच्या वक्ताला बी तार व्हती?"

"आये, तूच म्हनलीस लक्ष्मीला दार उगडं पायजे."

"उगडं ठिव म्हनले. बांद म्हनले व्हते का रं?"

घाम सर्जेरावांच्या भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. तो पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"व्हती," ते म्हणाले.

"मोठ्यानं," राहेल म्हणाली. "साहेबांना ऐकू आलं नसेल."

"व्हती! तार व्हती. मीच बांदाय सांगितली. कडीचा काय दोष नव्हता. झालं?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते पाठकोऱ्या निमंत्रणपत्रिकेवर लिहीत होते. नुसता निबाचा आवाज येत राहिला.

"आता लाव कडी," सर्जेराव धापा टाकत म्हणाले. "हात भरून आलं."

राहेलने डबी पिशवीत टाकली. पक्कड फडक्यात गुंडाळून तिच्यावर ठेवली.

"कडी उद्या सकाळी लावते. दिवाळीत रात्री हे दार बंदच ठेवायचं असतं. बाबा दरवर्षी सांगायचे तुम्हाला."

"बाई, लक्ष्मीच्या तोंडावर..."

"सोडा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं."

सगळी पेठ बघत होती. सर्जेरावांनी आईकडे पाहिलं, आईने पाटावरच्या लक्ष्मीकडे. मग त्यांनी खांदा काढून घेतला. दार निघालं आणि थेट जाऊन बंद झालं. याकोब मिस्त्रींचा रूळ कुठेही अडखळला नाही.